डंकावर लागलेला डोळा

माझी धाकटी जाऊ सुजाता संध्याकाळी कामावरून येते, दारात चपला भिरकावते, पंख्याखाली फतकल मारून बसते आणि म्हणते, "आई गं! मेले आज. पायांचे तुकडे पडले." माटुंग्याला साडीच्या दुकानात दिवसभर उभी असते, दमणारच ती. पण खरं सांगते, तिने असं म्हटलं की मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटतात. पुढचं सगळं मला माहीत असतं ना! ती चहा पिणार, जरा आडवी होणार, आणि ओढणी कमरेला बांधून ओट्यापाशी उभी राहणार. सकाळी उठेल तेव्हा कालचं दमणं तिला आठवणारही नाही.

माझं तसं नाही. मी जशी झोपते तशीच उठते. रात्रभर गाढ झोपले तरी सकाळी दात घासायला हात वर करायचा तर आधी मनाची तयारी करावी लागते. मला मल्टिपल मायलोमा आहे. रक्ताचा कॅन्सर, हाडांच्या आतल्या मगजात होणारा. त्याची बाकी माहिती डॉक्टर देतील, ती मी सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते थकव्याबद्दल आणि त्याच्यासोबत आलेल्या मत्सराबद्दल. आजारपणात भीती वाटते, रडू येतं, हे सगळे सांगतात. जळफळाट होतो, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तुमचाही होत असेल तर एवढंच समजा, करी रोडला एक बाई बसलीय, तिचा तुमच्यापेक्षा जास्त होतो.

गाठ खय आसा?

सुरुवात पाठदुखीने झाली. मी आधी गादीला दोष दिला, मग शाळेतल्या खुर्चीला. दादरला एका शाळेच्या ऑफिसात मी काम करत होते, तिथली खुर्ची आमच्या हेडमास्तरांच्या वयाची होती. मग स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबायला लागले. लोक मागून ढकलायचे, "ओ मावशी, चला ना!" मी मावशी? माझ्याहून मोठे बाप्ये मला मावशी म्हणून पुढे जायचे. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाले. शेवटी कमरेच्या हाडातून सुई घालून तपासणी केली.

ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी आमचे हे सोबत होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलत होत्या. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण डॉक्टर, गाठ खय आसा?" घाबरले की ह्यांच्या तोंडून मालवणी येतं. कॅन्सर म्हणजे गाठ, गाठ म्हणजे ऑपरेशन, काढली की संपलं, असं ह्यांचं गणित. डॉक्टरांनी समजावलं की यात कापून काढायला काही नाही. हा बहुतेकदा मुळापासून जात नाही, पण औषधांनी दाबून ठेवता येतो, पुष्कळ जणांना पुष्कळ वर्षं. ह्यांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला पुन्हा विचारलं, "म्हणजे गाठ नायच?"

हॉस्पिटलच्या बाहेर, परळच्या फुटपाथवर एक बाई भाजीवाल्याशी भांडत होती. कोथिंबिरीची जुडी वरून ताजी, आत सडलेली निघाली म्हणून तिने रस्ता डोक्यावर घेतला होता. मी उभी राहून बघत राहिले. मला तिचा इतका हेवा वाटला की काय सांगू. केवढा जोर होता त्या भांडणात! ह्यांना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी दंड धरला. मी म्हटलं, काही नाही, चला.

पेढा

दर आठवड्याला पोटात इंजेक्शन. सुई टोचायला क्षण पुरतो, पण रक्ताचे रिपोर्ट, नंबर, डॉक्टरांची सही, यात अर्धा दिवस जातो. हॉस्पिटलात तिथे रांगेने खुर्च्या असतात, आणि शेजारच्या खुर्चीवर कोण येणार हे आपल्या हातात नसतं. माझ्या शेजारी बरेचदा रेश्मा असायची. तिला स्तनाचा कॅन्सर, डोक्याला रुमाल, भुवया पेन्सिलीने काढलेल्या. बोलकी, हसरी पोर. एक दिवस तिने पेढे वाटले. तिचा कोर्स संपला होता.

मी पेढा खाल्ला, तिला जवळ घेतलं, तोंडभर आशीर्वाद दिले. आणि मनात? मनात म्हटलं, हिचं संपलं, माझं संपायचं नाही. हिला एक शेवटचा दिवस मिळाला. मला तिच्या टकलाचासुद्धा हेवा वाटला हो! तिच्याकडे बघितल्याबरोबर लोक उठून जागा देतात. माझे केस जागच्या जागी, चेहरा स्टेरॉइडने सुजून गोल. लिफ्टमध्ये बायका म्हणतात, "अय्या, काकू, कित्ती छान दिसताय! तब्येत सुधारली." आता या बायकांना काय ओरडून सांगू?

तिथल्या लिसी सिस्टर केरळच्या. इतकी वर्षं परळात काढल्यामुळे मराठी फाडफाड बोलतात. त्यांनी मला विचारलं, "थकवा आहे ते डॉक्टरला सांगितलं काय?" मी म्हटलं, त्यात काय सांगायचं, कॅन्सर आहे म्हटल्यावर थकवा असणारच. त्या माझ्यावर डाफरल्याच. "तुम्ही ठरवणार काय? सांगा आधी." सांगितलं तेव्हा कळलं की रक्त पुन्हा उतरलंय, त्यावर उपाय आहे. एका गोळीची वेळ बदलली, त्याने दिवसा येणारी गुंगी कमी झाली. थकवा सगळा गेला नाही, पण उभं राहण्याइतका हटला. म्हणून तुम्हालाही सांगते, गप्प बसू नका. आणि लिसी सिस्टरांचं दुसरं वाक्य, "दमल्यावर बसायचं नाय. दमायच्या आधी बसायचं." मला ते तेव्हा खुळचट वाटलं. न दमता कोण बसतं? आमच्यात तर न दमता बसणाऱ्या बाईला आळशी म्हणतात.

ओटा

आमची चाळ पडून टॉवर झाला तेव्हा दोन भावांच्या दोन खोल्यांचे दोन फ्लॅट झाले, शेजारी शेजारी. चूल मात्र एकच राहिली, माझ्याकडे. सासूबाई गेल्यावर ती माझ्या हाती आली होती. आजार निघाल्यापासून वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, हाडं ठिसूळ झालीत. म्हणजे कुकर सुजाताने उचलायचा, पिठाचा डबा सुजाताने काढायचा, मासे सुजाताने साफ करायचे. मला एक उंच स्टूल दिलं. त्यावर बसून मी लसूण सोलायची.

सुजाता वरळी कोळीवाड्यातली. माशातलं तिला मी काय शिकवणार? पापलेट बघून ती सांगते कधी काढलंय. तिच्या हातचं कालवण जेवून आमचे हे ताट बोटाने पुसत म्हणाले, "मस्त झालाय गो सुजाता!" मी समोर स्टुलावर. माझ्या तोंडाला तेव्हा कशाचीच चव नव्हती, औषधांनी सगळं लोखंडासारखं लागायचं. मी म्हटलं, "मीठ जास्त आहे." मीठ बरोबर असणार, मला कळतच नव्हतं. पण अंगाची नुसती आग आग झाली होती.

दमणं कसं सांभाळायचं ते मी हळूहळू शिकले. एका दिवशी एकच मोठं काम. अंघोळ केली की केस धुवायचे नाहीत, केस धुवायचे तर त्या दिवशी बँकेत जायचं नाही. दुपारी झोप काढायची, पण मेल्यासारखी नाही, नाहीतर रात्रीची वाट लागते. रोज गॅलरीत थोडं चालायचं, नको वाटलं तरी. आणि स्टेरॉइडच्या दिवसावर विश्वास ठेवायचा नाही. हे शेवटचं मी कसं शिकले तेच आता सांगते.

मसाला

स्टेरॉइडची गोळी घेतली की माझ्या अंगात येतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी कपाटं आवरते, सगळ्यांशी भांडते, जुन्या मैत्रिणींना फोन लावते. वाटतं, कसला आजार आणि कसलं काय! मग तिसऱ्या दिवशी कोणीतरी खालून बूच काढल्यासारखी मी रिकामी होते. हे दर आठवड्याला होतं आणि दर आठवड्याला मी फसते.

उन्हाळा आला. लालबागच्या मिरची गल्लीत मिरच्यांचे ढीग लागले. वर्षभराचा मसाला आम्ही तिथूनच करतो. बेडगी आणि शंकेश्वरी मिरच्या आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि डंकावर कुटून आणायचं. डंक म्हणजे वरखाली होणारी लोखंडी मुसळं, मशीनवर चालणारी. आमच्या मसाल्याची एक खूण आहे. सासूबाई त्यात तिरफळं घालायच्या. बाकी लोक तिरफळं बांगड्याच्या कालवणात टाकतात, मसाल्यात नाही. आमच्या गावातही कोणी घालत नाही. बिया काढून नुसती सालं, शेवटी, गॅस बंद केल्यावर नुसत्या तव्याच्या उष्णतेवर. ते त्यांनी मला शिकवलं आणि मी कोणाला शिकवलं नाही.

सुजाता म्हणाली, "वहिनी, यंदा मसाला मी करते. तुम्ही खुर्चीत बसून सांगा फक्त."

किती साधं बोलली ती. आणि मला काय ऐकू आलं? की आता तुमचं काम झालं. मला वाटलं, यंदा हिने मसाला केला तर वर्षभर हे घर हिच्या हातचं जेवेल आणि कोणाला फरकही कळणार नाही. मग मी असले काय आणि नसले काय! पुढच्या उन्हाळ्यात मी असेन की नाही हे कोणी मला लिहून दिलं नव्हतं. हा मसाला माझ्या हातचा शेवटचा असला, तर तो माझ्याच हातचा व्हायला हवा होता. मी म्हटलं, "बघू." आणि ती कामावर गेल्यावर लागले कामाला.

मिरच्या दुकानातून वाळवलेल्याच मागवल्या. स्टेरॉइडचा दुसरा दिवस होता, त्या जोरावर मी सगळा मसाला भाजला, तोंडाला मास्क लावून, खिडक्या उघडून. तिरफळांच्या बिया एकेक करून काढल्या. घरभर वास सुटला. संध्याकाळी सुजाता आत आली, तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि कढई घासायला घेतली. त्या घासण्याचासुद्धा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर, हे बाहेर. मी वॉचमनकडून पिशवी टॅक्सीत ठेवून घेतली आणि गेले डंकावर.

डंक

लालबागच्या डंकाचा एक नियम आहे, तो आम्हा बायकांना कोणी शिकवावा लागत नाही. आपला मसाला कुटताना समोर बसायचं आणि नजर हलवायची नाही. आजूबाजूला दहा जणींचे मसाले असतात, सगळे लाल, सगळ्यांच्या पिशव्या सारख्या. पाणी प्यायला गेलीस तर शेजारणीला सांगून जा. सासूबाई तर डंकासमोर बसल्या की माशी हाकलायलाही हात उचलत नसत.

मी स्टुलावर बसले. मुसळं धाडधाड पडत होती, जमीन हादरत होती, सगळ्यांना ठसका लागत होता. आणि त्या आवाजात, त्या तिखटात माझा डोळा लागला. माझा विश्वास बसत नाही अजून. तिथे मेलेलं माणूस जागं होईल! पण तिसरा दिवस सुरू झाला होता, बूच निघालं होतं. भिंतीला डोकं टेकलं आणि संपलं.

"ओ ताई! ताई! तुमचा झाला." डंकवाल्याची बायको खांदा हलवत होती. आजूबाजूच्या बायका बदलल्या होत्या. माझ्या पायाशी पिशवी होती, गरम, तोंड बांधलेली. मला उठता येईना. त्या बाईनेच मला टॅक्सीत बसवलं. घरी येऊन पिशवी घेऊन जी पडले ती पडलेच. त्याच संध्याकाळी ह्यांनी दादरला आमच्या मुलीकडे, प्राचीकडे, एक बरणी भरून पोचवली, दरवर्षी पहिली बरणी तिची असते म्हणून. बाकी मला काही आठवत नाही. खोकला लागला, ताप आला, डॉक्टरांनी ह्यांच्यासमोर माझी खरडपट्टी काढली. हे माझ्यावर चिडले, "तुका कोणी सांगितलेला गो?" आणि मग खिडकीशी जाऊन डोळे पुसत राहिले.

पण मी जिंकले होते. बरी होऊन स्टुलावर आले तेव्हा त्या मसाल्याचं कालवण झालं होतं. हे जेवले आणि म्हणाले, "आता कसां घरचां कालवण लागता!" दीरसुद्धा म्हणाले, "वहिनी, तुमचा हात तो तुमचाच." मला चव नव्हतीच, पण मी सुजाताकडे बघितलं. ती खाली मान घालून काटे काढत होती. मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

प्राचीचा फोन

बऱ्याच दिवसांनी प्राचीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "आई, रागावू नकोस. यंदा तू तिरफळं घालायला विसरलीस का? आणि मेथी कशाला घातलीस?"

मेथी? मी आयुष्यात मसाल्यात मेथी घातली नाही. मी फोन ठेवला. मग सगळं लक्षात आलं. मी झोपले, पिशव्या बदलल्या. मी घरी आणला तो कुठल्या तरी परक्या बाईचा मसाला. माझ्या हातचा, कदाचित शेवटचा मसाला कुठल्या तरी घरात गेलाय, आणि तिथे कोणीतरी ताट पुसून त्या बाईचं कौतुक करतंय. बिया मी काढल्या आणि कौतुक तिचं! त्या न पाहिलेल्या बाईवर मी जेवढी जळले तेवढी रेश्मावरही जळले नव्हते.

पण मग आमच्या घरात? आमच्या घरी सगळ्यांना घरची चव कशी लागत होती?

सुजाता आली तेव्हा मी दारातच विचारलं. "आपल्या बरणीत काय आहे?"

तिने चपला काढल्या. आज भिरकावल्या नाहीत, नीट ठेवल्या. "वहिनी, बसा आधी."

"बसत नाही. बोल."

"तुम्ही पडला होतात ना, तेव्हा बरण्या भरायला दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली. वासच नाही तिरफळाचा. मेथीच मेथी. म्हटलं हा आपला नव्हे. प्राचीची बरणी त्याआधीच गेली होती, भाऊजींनी पिशवीतून वरूनच भरून नेलेली. मग मी सुट्टी टाकली. तुम्ही झोपेत होतात तेव्हा तो बाजूला काढून नवीन मिरच्या आणल्या, भाजला, कुटून आणला. डंकावर हलले नाही जागची."

"माझ्यासारखा?"

"तुमच्यासारखा नाही, तुमचाच. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय ना मी. तिरफळं शेवटी, गॅस बंद करून. तुम्ही माझ्याकडे पाठ करून भाजायच्या, पण वास कुठे लपतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तापात तुम्ही पिशवीचा बंद हातातून सोडत नव्हतात. बोटं उलगडून काढून घ्यावा लागला मला."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. खोटं कशाला सांगू? मला आनंद व्हायला हवा होता, की मी नसले तरी हा मसाला या घरात राहील. तो झालाही. पण त्याच्या आधी राग आला, की तेही तिने घेतलं, आणि माझ्या पाठीमागून घेतलं, आणि एवढं बरोबर घेतलं की माझ्या नवऱ्यालाही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी लसूण सोलताना मीच म्हटलं, "प्राचीला एक बरणी दे भरून." ती म्हणाली, "कधीच भरून ठेवलीय."

यंदा

हे लिहितेय तो पुढचा उन्हाळा आहे. रिपोर्ट सध्या बरे आहेत, औषधं चालू आहेत, थकवाही आहे. यंदा मसाल्याला आम्ही दोघी गेलो, स्टेरॉइडचा दिवस टाळून. ती तिच्या माहेरचा कोळी मसालाही करणार होती, पण आधी आमचा झाला. मी डंकापासून लांब, मास्क लावून खुर्चीत बसले, दमायच्या आधी. ती डंकासमोर. मध्येच वळून म्हणाली, "झोप आली तर झोपा. मी बघतेय." मी हट्टाने डोळे ताणून बसले. थोड्या वेळाने डोळा लागलाच.

घरी आल्यावर तिने चिमूटभर मसाला माझ्या तळहातावर ठेवला. हल्ली काही आठवडे तोंडाला चव येते, तो आठवडा तसा होता. मी जीभ लावली. सासूबाईंचा मसाला होता तो, तंतोतंत. आधी तिखट, मग ती तिरफळाची जिभेला येणारी मुंग्यांसारखी झिणझिण. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तिखटावर ढकललं. सुजाता समोर उभी होती, घामाने निथळलेली, दिवसभराची दमलेली. तिला उत्तर हवं होतं.

"तिरफळं जरा जास्त झाली," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. जास्त झाली नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं.

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तुम्ही घाला."